मोहाखाली मोठ्याने सांगितलेले सिनेमे

बाई, मोह गळायला लागला आहे. आज सकाळी अंगण झाडताना वारा जंगलाकडून आला आणि त्याच्याबरोबर तो वास आला. माझा हात थांबला. सवयीने मी तुमच्या दाराकडे पाहिले, कारण दर वर्षी हा वास माझ्या आधी तुम्हाला यायचा आणि तुम्ही दारातूनच ओरडायच्या, "मुके, टोपले काढ वं!" भाऊजी तर तुमच्याही आधी गेले; आता दाराला कुलूप आहे. मंदा सासरी परत जाताना आईच्या घराची किल्ली माझ्याजवळ ठेवून गेली. तेरवीनंतर मी ते दार उघडलेले नाही.

गावातले लोक म्हणतात, मोठी जाऊ गेली आणि ही पार मुकी झाली. मी पहिल्यापासूनच अशी आहे, हे ते विसरले. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून माझा आवाज फारसा कोणी ऐकलेलाच नाही. तो ऐकला तुम्ही, आणि मोहाच्या झाडांनी.

परवा शेजारची कांताबाई आली होती. ओसरीवर बसली, पाणी प्यायली आणि सरळ बोलली. तिचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे.

"सुमन, राग नको मानू. यंदा आमी पाचजनी संगच जाऊन राह्यलो मोहाले. तुले नाई म्हनत नाई. पन तू बोलत नाईस. मोहाखाली मुकी बाई म्हंजे सगळ्याइच्या जिवाले घोर. बोलत असशील तं ये, नाई तं घरी राह्य."

मी तिचा रिकामा पेला उचलला. ती गेली. ती चुकीचे काही बोलली नाही, बाई. तुम्हीच मला हे शिकवले होते. मोह वेचणारी बाई वाकलेली असते. वाकलेली बाई वाघाला बाईसारखी दिसत नाही, जनावरासारखी दिसते. माणूस आहे हे त्याला कळते ते आवाजावरून. म्हणून आपल्याकडे मोहाखाली कोणी गप्प वेचत नाही. झाडाझाडाखालून बोलणे चालू असते, आणि एखाद्या झाडाखालचा आवाज थांबला की सगळ्यांचे हात थांबतात.

विलास मोहर्लीच्या गेटवर जिप्सी चालवतो. लोक लांबून येतात, वाघ दिसावा म्हणून नवस केल्यासारखे बसतात त्याच्या गाडीत. तो म्हणतो, "आई, यंदा नको जाऊ. माह्या कमाईत भागते आपलं." भागते, खरे आहे. पण घरात मला लागतात ते शब्द किती? जेवता का. ठेवले आहे. आले. एवढ्यावर दिवस निघतो. या जन्मात मी जे काही खरे बोलले ते मोहाखाली बोलले, तुमच्याशी बोलले, आणि सगळे सिनेमाबद्दल बोलले. या वर्षी गेले नाही तर पुढच्या वर्षीही जाणार नाही, आणि मग माझ्यातली ती बोलणारी बाई संपली. गेले आणि तोंड उघडले नाही, तर कांताबाई पहिल्याच दिवशी परत पाठवेल. मी जाऊ का नको, ते ठरत नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. चौथीपर्यंतचे शिक्षण, हात अडखळतो. पण तुम्ही वाचायला येणार नाही, म्हणून लाज वाटत नाही.

*

तुम्हाला आठवते का, पहिल्या वर्षी तुम्ही मला कसे बोलते केले? माझे माहेर सूरजागडच्या डोंगराखालचे. तिथेही आम्ही मोह वेचायचो, पण आईच्या मागे मागे, गुमान. इथे तुम्ही मला एका झाडाखाली बसवले आणि स्वतः शेजारच्या झाडाखाली गेलात. तिथून म्हणालात, "बोल."

"काय बोलू?"

"काई बी बोल. आवाज जाऊ दे."

माझ्या तोंडून शब्द निघेना. तुम्ही दोघींच्या वाटचे बोलत राहिलात. झाडाला बोललात, माकडांना बोललात, आपल्या सासूबाईंना बोललात, भाऊजींना तर उभे-आडवे बोललात. शेवटी दम लागला तेव्हा तुम्ही विचारले, "मार्कंड्याच्या जत्रेत तंबूत सिनेमा पाह्यला ना आपन? मंदा रडाले लागली अन् मी बाहेर गेली. मंग काय झालं?"

मी ओळखले नाही तेव्हा, की हा बोलते करण्याचा डाव होता की तुम्हाला खरेच जाणून घ्यायचे होते. आता वाटते, दोन्ही असेल. त्या सिनेमात सासू सुनेला घराबाहेर काढते इथपर्यंत तुम्ही पाहिले होते. मी म्हणाले, "मंग सासू आंधळी होते."

"मोठ्यानं!"

"सासू आंधळी होते!"

"बरं झालं! मंग?"

तुमच्या त्या "मंग"ने माझे तोंड उघडले. सून परत येते, नाव न सांगता त्याच घरी धुणी-भांडी करते, सासू तिला हातावरून ओळखते, हे सगळे मी ओरडून सांगितले. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते. सांगून झाले तेव्हा टोपले भरलेले होते आणि तुम्ही पदराने डोळे पुसत होतात. म्हणालात, "मुके, तू तं सिनेमापेक्षा चांगला सांगतेस."

त्यानंतर तुमच्या घरी टीव्ही आला, पुढे डिशची छत्री आली, मग विलासचा मोबाईल आला. वर्षभर जे पाहायचे ते पाहताना आपण दोघी गप्प बसायचो. बोलायचे ते मोहासाठी राखून ठेवायचो. एखादा सिनेमा संपला की मी काही म्हणायला जायची आणि तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात मारायच्या. "आता नको. राहू दे."

म्हणून तुमची आवडनिवडही इतर लोकांसारखी नव्हती. तुम्ही प्रत्येक सिनेमा एकाच गोष्टीवर तोलायच्या. मोहाखाली तो ओरडून सांगता येतो की नाही. गाणी तुम्हाला अजिबात आवडायची नाहीत. "गान्यात तू मले काय सांगशील? झाडामागून आली, झाडामागून गेली." मारामारी चालायची, कारण ती सांगताना आपोआप आवाज चढतो. भांडणे त्याहून चांगली. आणि रडारड तर सगळ्यात उत्तम, कारण ती दोघींना पुरायची. ज्या सिनेमात एक तरी सासू, एक तरी कपटी दीर आणि एक तरी हरवलेले लेकरू नाही, तो तुमच्या लेखी सिनेमाच नव्हता.

मला मात्र वेगळेच दिसायचे. हिरोईन स्वयंपाक करायची तेव्हा मी तिच्या चुलीकडे पाहायची. चूल पेटलेली असायची आणि धूर नसायचा. लुगडे कोरे करकरीत. तांदूळ निवडायला बसली तर हात असे फिरवायची जणू सुपात फुले आहेत. मग ती कितीही रडो, माझा तिच्यावरचा विश्वास उडायचा. हे मी तुम्हाला सांगितले की तुम्ही चिडायच्या.

"तू सिनेमा पाहून राह्यली का सयपाक?"

"तिले काम येत नाई, बाई. मंग तिचं दुःख खरं कसं मानू?"

"दुःखाले चूल कायले लागते वं?"

या वाक्यावर आपण एक अख्खी सकाळ भांडलो होतो. मी अजूनही म्हणते, लागते.

एका सिनेमावर मात्र आपले एकमत झाले. त्यात वाघ होता. वाघ दर वेळी आधी डरकाळी फोडायचा, झुडपे मोडत यायचा, आणि हिरो त्याची वाट पाहत उभा राहायचा. गप्प बसायचे विसरून तुम्ही टीव्हीपुढे असे हसलात की भाऊजी आतून बाहेर आले. "वाघ असा बोंबलत आला असता तं आपुन कायले घसा फोडला असता?" तुम्ही म्हणालात. आपल्याला वाघ ऐकूच येत नाही, म्हणून तर त्याला आपण ऐकू यावे लागते. हे त्या सिनेमा काढणाऱ्याला कोणी सांगितलेच नसेल. पण पुढच्या मोहात तुम्ही तोच सिनेमा पुन्हा सांगायला लावला, आणि डरकाळ्या तुम्ही स्वतः फोडल्या. त्या सकाळी आसपास एक चितळसुद्धा राहिले नसेल.

दुसरे तुमचे मत मला तेव्हा पटले नव्हते. सिनेमात माणूस मरायला लागला की फार बोलतो, यावर तुमचा राग होता. मांडीवर डोके, तोंडात रक्त, आणि सगळ्यांना एकेक करून निरोप. "मरनारा मानूस एवढा बोलते कुठी? त्यापेक्षा आपली नाटकं बरी." मी म्हणायची, नाटकात तर मेलेला राजा पडद्यामागे चहा पिताना दिसतो. तुम्ही म्हणायच्या, "पिऊ दे ना. मेला म्हून सांगतलं, आपुन मेला मानलं. उगीच लांबवत तं नाई." मला सिनेमातले ते बोलणे आवडायचे. वाटायचे, जाताना माणसाने सगळे सांगून जावे.

*

मंदाने आपल्याला चंद्रपूरला मोठ्या टॉकीजमध्ये नेले होते, तो दिवस आठवला की अजून हसू येते. घरी टीव्हीपुढे तुम्ही गप्प बसायच्या, पण तिथे त्या मोठ्या आवाजाने तुम्हाला जंगलात असल्यासारखे झाले असावे. सुरू झाल्याबरोबर तुम्ही ओरडून बोलायला लागलात. "मुके, हा तं तोच हाये ना, भावाले फसवनारा?" पुढचा पोरगा वळून म्हणाला, "आजी, चूप बसा ना." तुम्ही म्हणालात, "काऊन? तुले सिनेमा दिसत नाई का माह्या बोलन्यानं?" सगळी रांग हसली. मंदा खाली घसरली खुर्चीत. मी तर पदरात तोंड घातले होते. पण खरे सांगू, त्या दिवशी मला तुमचा हेवा वाटला. एवढ्या अनोळखी लोकांत तुमचा आवाज जरासुद्धा कमी झाला नाही. मी तिथे पाणीसुद्धा मागू शकले नसते.

बाहेर आल्यावर मंदाने विचारले, "काकी, तुला कसा वाटला?" मी म्हणाले, "चांगला होता." तुम्ही माझ्याकडे पाहिले. पुढच्या मोहात पहिल्याच सकाळी म्हणालात, "हं, आता खरं सांग." मग मी सांगितले, किती वाईट होता ते. टोपले भरेपर्यंत सांगितले.

*

आता तो होडीवाल्या बाईचा सिनेमा.

तो मी एकटीने पाहिला होता. तुम्ही मंदाच्या बाळंतपणाला गेला होतात. टीव्हीवर दुपारी लागला. नदीच्या काठी एक बाई राहते, लोकांना डोंग्यातून या काठावरून त्या काठावर नेते. ती बोलत नाही. मुकी नाही, पण बोलत नाही. लोक बसतात, आपल्या गोष्टी करतात, उतरतात. नदीवर पूल बांधणे चालू आहे. रोज पुलाचा एकेक खांब वर येतो आणि तिच्या डोंग्यात बसणारी माणसे तशीच असतात, काही झाले नसल्यासारखी. शेवटी पूल होतो. ती डोंगा काठाला बांधते आणि पुलावरून चालत निघते. मधोमध थांबते, खाली पाहते. बस. संपला. तिच्या हाताला घट्टे होते, बाई. खरे घट्टे. ती वल्हे मारायची तेव्हा माझे खांदे दुखायचे. आजवर पाहिलेल्यातला सगळ्यात चांगला सिनेमा कोणता, असे मला कोणी विचारले, कोणी विचारत नाही म्हणा, तर मी तोच सांगेन.

त्या वर्षी मोहाखाली मी तो तुम्हाला सांगायला घेतला. तुम्ही सुरुवातीपासून कंटाळलात.

"मंग ते काय म्हनते?"

"काई नाई म्हनत."

"अन् लोकं?"

"लोकं आपसात बोलतात."

"काय बोलतात?"

"भाजीचं, पोराइचं. तसंच."

"माय! असा सिनेमा पाहून राह्यली तू? त्या नदीवर वाघ नव्हता हे नशीब तिचं."

मी तरी सांगत राहिले. शेवटाला आले. ओरडून सांगितले, "मंग ते पुलावर मधात थांबते!" आणि मी थांबले. मला तिचे थांबणे तुम्हाला दाखवायचे होते. ते दुसरे कसे दाखवणार? ती जेवढा वेळ थांबली तेवढा वेळ मी थांबले. हातातली फुले हातात. जंगल एवढे शांत की फूल गळाल्याचा आवाज येत होता.

तेवढ्यात तुमची किंकाळी आली. झुडपांतून तुम्ही काठी घेऊन धावत येत होतात. पदर कुठे, चप्पल कुठे. "सुमन! सुमन!" एरवी कधी मला नावाने न हाक मारणाऱ्या तुम्ही माझे नाव घेत होतात. मी धडधाकट बसलेली दिसले तशी काठी तुमच्या हातातून गळाली आणि तुम्ही खाली बसलात. तुमचे ओठ पांढरे पडले होते.

"काऊन चूप झाली तू?"

"ते थांबते ना बाई पुलावर. म्हून मी..."

तुम्ही मला मारायला हात उचलला आणि मला जवळच ओढले. किती वेळ आपण तशाच बसलो. मग तुमचे हसू फुटले, मग माझे, आणि हसता हसता तुम्ही रडायलाच लागलात. उठताना म्हणालात, "हा सिनेमा मोहाखाली नाई सांगाचा. ऐकून ठेव. जो सांगता येत नाई तो चांगला नसते."

"सांगता येत नाई म्हूनच चांगला हाये तो."

"जीव जात होता माहा!"

"तुमचा जीव जात होता तं त्यात सिनेमाचा काय दोष?"

भांडण तिथे मिटले नाही. दर वर्षी निघायचे. दर वर्षी तुम्ही म्हणायच्या तो सिनेमा नाही, आणि मी म्हणायची तोच सिनेमा.

पण माझ्या आवाजाच्या थांबण्याने कोणी एवढे घाबरू शकते, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळले. माहेरी मी गप्प असले की म्हणायचे, शहाणी आहे. सासरी म्हणायचे, गरीब आहे. माझे गप्प बसणे कोणाला टोचले असेल तर ते तुम्हाला एकट्यांना. हे तुम्हाला कधी बोलले नाही. सिनेमाशिवाय दुसरे काही बोलायची आपल्याला सवयच नव्हती.

*

मागच्या दिवाळीपासून तुम्ही अंथरूण धरले. पायावर सूज, जेवण तुटले. टीव्ही लावला की डोळे दुखायचे. एका दुपारी मी पेज घेऊन आले तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून होतात. म्हणालात, "तो होडीवालीचा सांग."

मला वाटले, माझी गंमत करता. "तो नाई म्हनल्या होत्या ना तुमी?"

"तो मोहाखाली नाई म्हनलं होतं. इथी कोनता वाघ येते?"

मी पाट घेऊन जवळ बसले आणि सांगितला. हळू आवाजात. तुमच्याशी हळू आवाजात मी सिनेमा कधीच सांगितला नव्हता, तो पहिलाच. तुम्ही मध्ये "मंग" म्हणाला नाहीत. पुलावर ती थांबली तिथे मी थांबले, आणि या वेळी तुम्ही थांबू दिले. बाहेर कोंबड्या कुरकुरत होत्या. बऱ्याच वेळाने तुम्ही म्हणालात, "सिनेमा काई चांगला नाई. पन सांगतलास चांगला."

मला राग आला, खोटे कशाला बोलू. एवढे आजारी माणूस, एकदा तरी हो म्हणायचे. पण आता वाटते, तुम्ही मन राखायला हो म्हणाला असतात तर मला समजले असते की तुम्ही निघालात. तुम्ही भांडत होतात तोपर्यंत तुम्ही होतात.

आणि मरणाबद्दलचे तुमचे मत खरे निघाले. त्या संध्याकाळी मी तुमच्या उशाशी होते, मंदा पायाशी. मी वाट पाहत होते की तुम्ही काही सांगाल. सिनेमातल्यासारखे नाही, तरी काही. तुम्ही डोळे उघडले आणि विचारले, "कोंबड्या झाकल्या का?" मंदा म्हणाली, "झाकल्या, आई." झाले. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. लांबवले नाही.

*

इथपर्यंत लिहून मी कागद फळीवर ठेवून दिला होता. मधे काही दिवस गेले. आता पुढचे लिहिते.

जायचे की नाही ते ठरत नव्हते. एका दुपारी विलासने मोबाईल हातात दिला आणि म्हणाला, "हा पाह्य, साऊथचा हाये, हिंदीत केला हाये. तुले आवडन." मी तुमच्या ओसरीवर बसून पाहिला. दार उघडले नाही, नुसती ओसरीवर बसले.

एका गावात एक म्हातारी खानावळ चालवते. तिचा मुलगा लहानपणीच घर सोडून पळालेला. खूप वर्षांनी एक मोठा माणूस त्या गावात कामाला येतो आणि रोज तिच्या खानावळीत जेवायला बसतो. तोच तिचा मुलगा. तो सांगत नाही. ती विचारत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्याच्या ताटात ती न मागता भाताची खरवड वाढते, जी फक्त घरच्या लेकराला वाढतात. तो ती खातो. त्याचे काम संपते, तो निघून जातो, ती ताट उचलते. एवढेच. तिची चूल खरी होती, बाई. धुराने तिचे डोळे लाल होते आणि ते रडून लाल होते की धुराने, हे शेवटपर्यंत कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपले घेऊन कांताबाईच्या दारात उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिले. "बोलशील ना?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मानेनं नाई वं." पण चालायला लागली.

माझ्या नेहमीच्या झाडाखाली मी बसले. तुमच्या झाडाखाली यंदा कांताबाई आहे. मंदाने तिला सांगितले होते, झाड रिकामे नको. बाकीच्या जवळपास पसरल्या. एकीने नवऱ्याचे गाऱ्हाणे सुरू केले, दुसरीने सुनेचे. माझी पाळी आली तसे सगळ्या थांबल्या. मी वाकून वेचतच राहिले. फुले आणि माती डोळ्यांपुढे एकच दिसायला लागली. मग तुमच्या झाडाखालून आवाज आला, तुमचा नसलेला.

"सुमन! हायेस का?"

त्यात भीती होती, बाई. कांताबाईच्या आवाजात.

"हाये!" मी म्हणाले. आणि मग म्हणाले, "एक म्हातारी होती. खानावळ चालवत होती."

"मोठ्यानं वं!"

मी मोठ्याने सांगितला. सगळा सांगितला. खरवडीपाशी आले तर एकीने तिकडून विचारले, "मायले कळलं का मंग?"

"कळलं ना! नाई तं खरवड कायले वाढली असती?"

"कळलं तं बोलली काऊन नाई?" ही कांताबाई. "मी असती तं कानाखाली देली असती पहिले. एवढी वर्सं कुठी होता म्हून!"

"अन् तो पुन्हा पळाला असता मंग," मी म्हणाले.

"पळू दे! पन बोलाचं ना!"

"ताटात वाढलं तेच बोलनं होतं तिचं."

"हे काई पटत नाई बाप्पा मले!"

मग पाचही झाडांखालून एकदम गलका झाला. कोणी म्हातारीच्या बाजूने, कोणी पोराच्या, एक तर म्हणत होती की तो तिचा पोरगा नव्हताच, म्हातारीला नुसता वाटला. हे माझ्या डोक्यातही आले नव्हते. मी तिच्याशी उठून भांडले, अक्षरशः उठून, टोपले बाजूला ठेवून. उन्हे वर आली तरी भांडण संपेना. परत येताना वाटेवरही तेच. कांताबाई गावाच्या तोंडाशी म्हणाली, "उद्या दुसरा सांगजो. याच्यानं माहं डोकं दुखलं." म्हणजे उद्या मी जायचे आहे.

घरी आले, अंगणात फुले वाळत घातली आणि तुमच्या ओसरीवर बसून हे लिहिते आहे. त्या म्हातारीचा सिनेमा तुम्हाला कसा वाटला असता, याचा मी सकाळपासून विचार करते. रडू पुष्कळ आले असते, म्हणून आवडला असता. कोणी बोलत नाही, म्हणून आवडला नसता. दोन्ही बाजूंनी मी तुमच्या आवाजात बोलून पाहिले आणि दोन्ही खरे वाटले. एवढी वर्षे कोणताही सिनेमा सुरू झाला की तुम्ही काय म्हणाल ते मला संपायच्या आधी ठाऊक असायचे. हा पहिलाच सिनेमा आहे, बाई, ज्याच्याबद्दल तुमचे मत मला माहीत नाही.